थायरॉइडमुळे दोन-दोन दिसू लागलं तर: नव्या रुग्णांसाठी

थायरॉइड बिघडल्यावर वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. डोळे बटबटीत होतात हेही ऐकून माहीत असतं. पण समोरून येणाऱ्या एका रिक्षाच्या दोन दिसू लागल्या की माणूस हादरतो. आधी चष्म्याचा नंबर बदलून होतो, मग कोणीतरी मेंदूचा एमआरआय सुचवतं, आणि थायरॉइडशी संबंध जोडला जाईपर्यंत काही महिने उलटलेले असतात. हा लेख त्या टप्प्यावरच्या माणसासाठी आहे: थायरॉइडमुळे डोळे तिरळे झालेत असं डॉक्टरांनी सांगितलंय किंवा तशी शंका आहे, आणि आता पुढे काय करायचं ते कळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या तिरळेपणात उपायांइतकंच महत्त्व त्यांच्या वेळेला आहे. योग्य ऑपरेशन चुकीच्या महिन्यात झालं तर ते पुन्हा करावं लागू शकतं.

१. आधी एक डोळा झाकून पाहा

दोन-दोन दिसत असताना तळहाताने एक डोळा झाका. मग तो उघडून दुसरा झाका. कुठलाही एक डोळा झाकल्यावर चित्र एकच होत असेल, तर दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाही असा अर्थ. एक डोळा झाकूनही त्याच डोळ्याने सावलीसारखी दुसरी प्रतिमा दिसत असेल, तर कारण वेगळं असतं: मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर किंवा डोळ्याचा कोरडेपणा. थायरॉइडमध्ये कोरडेपणाही भरपूर असतो, त्यामुळे दोन्ही प्रकार एकत्र भेटू शकतात.

मग वहीत चार गोष्टी लिहा. दोन प्रतिमा शेजारी-शेजारी आहेत की एकीवर एक? वर पाहताना जास्त त्रास होतो की बाजूला पाहताना? दूरचं दोन दिसतं की जवळचंही? आणि दिवसातल्या कुठल्या वेळी जास्त? थायरॉइडच्या तिरळेपणाचा त्रास बहुधा सकाळी उठल्यावर जास्त असतो, कारण रात्रभर आडवं झोपल्याने डोळ्याच्या खोबणीत (डोळा बसतो त्या हाडाच्या पोकळीत) सूज साठते. उलट सकाळी बरं आणि संध्याकाळी दोन-दोन, शिवाय पापणीही खाली पडते, असं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. हे मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू लवकर थकण्याच्या दुसऱ्या आजाराचं लक्षण असू शकतं. थायरॉइडच्या या रुग्णांमध्ये तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. थायरॉइडमुळे पापणी वर खेचली जाते. ती खाली पडत असेल तर दुसरं काहीतरी शोधायला हवं.

जुने फोटोही बरोबर न्या. लग्नातले, आधार कार्डावरचे, मागच्या दिवाळीचे. डोळे कधीपासून बदलले हे आठवणीपेक्षा फोटो नेमकं सांगतात. पुढेही महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, समोरून आणि बाजूने, मोबाइलवर फोटो काढत राहा.

२. कशासाठी थांबायचं नाही

पुढे बराच वेळ थांबण्याबद्दल सांगणार आहे, म्हणून अपवाद आधी. रंग फिके वाटू लागले, विशेषतः एका डोळ्याला लाल रंग विटकरी किंवा धुवट दिसू लागला. नजर धूसर झाली आणि उघडझाप करूनही साफ होत नाही. बघण्याच्या क्षेत्रात एखादा भाग काळा पडला. डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळात खूप दुखतंय किंवा पांढरा डाग दिसतोय: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठा. यातली पहिली तीन लक्षणं सुजलेले स्नायू खोबणीच्या टोकाशी दृष्टीच्या नसेला चेपतात तेव्हा दिसतात. गंमत म्हणजे अशा वेळी डोळे फार बाहेर आलेले असतीलच असं नाही. खोबण घट्ट असेल तर डोळा बाहेर येत नाही आणि सगळा दाब नसेवर पडतो. त्यामुळे ‘माझे डोळे कुठे एवढे मोठे दिसतात’ म्हणून गाफील राहू नका.

३. हा तिरळेपणा कशामुळे येतो

शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटते, तीच डोळ्यामागच्या चरबीवर आणि स्नायूंवरही उलटते. बहुतेकांना ग्रेव्हज हा थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करण्याचा आजार असतो. काहींचा थायरॉइड कमी काम करणारा असतो, तर काहींचे रिपोर्ट चक्क नॉर्मल येतात आणि डोळे आधी बिघडतात. स्नायू आधी सुजतात आणि पुढे ताठर होतात. सगळ्यात जास्त वेळा डोळ्याच्या खालच्या बाजूचा स्नायू धरतो, त्याखालोखाल नाकाच्या बाजूचा.

खालचा स्नायू ताठला की डोळा वर जात नाही. आखूड दाव्याला बांधलेल्या जनावरासारखं ते असतं: ताकद पूर्ण आहे, पण दावं पोचेल तेवढंच फिरता येतं. वर बघायला सांगितल्यावर डोळा अडतो, म्हणून वरच्या स्नायूला लकवा झालाय असं वाटतं. तो स्नायू बहुधा ठीक असतो, अडचण विरुद्ध बाजूच्या, म्हणजे खालच्या स्नायूत असते. म्हणून डोळ्यांचे व्यायाम, त्राटक, पेन नाकाजवळ आणणं यांनी हा तिरळेपणा सुटत नाही. त्राटकाने तर आधीच कोरडा असलेला डोळा आणखी चुरचुरतो. ज्यांनी हे प्रेमाने सुचवलं त्यांच्याशी वाद घालू नका, करूही नका.

यातूनच आणखी एक घोटाळा होतो. डोळा वर नेताना ताठर स्नायू डोळ्याच्या गोळ्याला आवळतो आणि डोळ्याचा दाब वाढलेला दिसतो. कधी त्यावरून काचबिंदूचे थेंब सुरू होतात. दाब जास्त आला तर किंचित खाली पाहत पुन्हा मोजता येईल का, एवढं विचारा.

४. कोणाला दाखवायचं, काय मोजून घ्यायचं

एका डॉक्टरवर हे भागत नाही. थायरॉइडसाठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट किंवा अनुभवी फिजिशियन, खोबण आणि पापण्यांसाठी ऑक्युलोप्लास्टी सर्जन, आणि दोन-दोन दिसण्यासाठी तिरळेपणाचे तज्ज्ञ. त्यांच्याबरोबर बहुतेक ठिकाणी ऑर्थोप्टिस्ट असतात, तेच प्रत्यक्ष मोजमाप घेतात. तालुक्याच्या ठिकाणी हे सगळं मिळणार नाही. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात तिरळेपणाची ओपीडी कुठल्या वारी असते ते फोन करून विचारा आणि त्याच वारी जा. बाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादची एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद या संस्थांमध्ये या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत.

आजार सध्या पेटलेला आहे की विझलेला, हे ठरवायला डॉक्टर सात गोष्टी पाहतात: डोळ्यामागे आपोआप दुखणं, डोळा फिरवताना दुखणं, पापण्यांची सूज, पापण्यांची लाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागाची लाली, त्यावरची पाणीदार सूज, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या मांसल भागाची सूज. प्रत्येकीला एक गुण. ३ किंवा जास्त गुण म्हणजे आजार सक्रिय. हा आकडा प्रत्येक भेटीत केसपेपरवर लिहून घ्या.

तिरळेपणाचा कोन प्रिझमच्या (प्रतिमा बाजूला सरकवणाऱ्या काचेच्या) पट्टीने मोजतात आणि प्रिझम डायॉप्टरमध्ये लिहितात. १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे १ मीटर अंतरावर प्रतिमा १ सेंटिमीटर सरकणं. समोर, वर, खाली, दोन्ही बाजूंना आणि वाचताना असे वेगवेगळे आकडे येतात, कारण ताठर स्नायूमुळे प्रत्येक दिशेला कोन बदलतो. शक्य असेल तर हेस चार्ट, म्हणजे प्रत्येक डोळा कुठल्या दिशेला किती फिरतो त्याचा आलेख, काढून घ्या. त्याचे कागद जपून ठेवा, पुढे दोन चार्ट शेजारी ठेवले की आजार हलतोय की थांबलाय हे चटकन दिसतं. खोबणीचा सीटी स्कॅन बहुतेकदा आयोडीनच्या इंजेक्शनशिवाय पुरतो. ते आयोडीन थायरॉइडला ढवळू शकतं, म्हणून स्कॅनच्या टेबलावर पडायच्या आधी थायरॉइडचा आजार असल्याचं सांगा.

५. धूर बंद, थायरॉइड काबूत

सिगारेट, बिडी, हुक्का: आज बंद. थायरॉइडच्या डोळ्यांसाठी धूम्रपानाइतका ठाम सिद्ध झालेला आणि आपल्या हातातला दुसरा धोका नाही. धूम्रपान करणाऱ्यांचे डोळे जास्त बिघडतात, आजार जास्त काळ पेटता राहतो आणि औषधं कमी लागू पडतात. घरात दुसरं कोणी ओढत असेल तर त्यालाही अंगणात पाठवा.

थायरॉइडची पातळी वर जाणं वाईट, आणि उपचारांनी ती फार खाली जाणंही डोळ्यांना वाईट. म्हणून गोळ्या चुकवू नका आणि सांगितलेल्या तारखेला रक्त तपासा. ग्रंथीसाठी रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार) सुचवलं गेलं तर होकार देण्याआधी, डोळ्यांचा आजार सक्रिय आहे का यावर थायरॉइडच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. त्या उपचाराने डोळे बिघडू शकतात, आणि धोका असलेल्यांना सोबत स्टेरॉइड देतात.

सेलेनियमबद्दल बरेच जण विचारतात. युरोपातल्या एका अभ्यासात, सौम्य आणि नुकत्या सुरू झालेल्या आजारात, रोज दोनदा १०० मायक्रोग्रॅम असं ६ महिने देऊन फायदा दिसला होता. झालेला तिरळेपणा त्याने सरळ होत नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि स्वतःहून डोस वाढवू नका.

६. तोवर रोजचं कसं निभवायचं

आजाराचा पेटता काळ साधारण ६ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत असतो, धूम्रपान करणाऱ्यांत त्याहून लांबतो. एवढा काळ दोन-दोन बघत राहायचं नाही. इथे सगळ्यात स्वस्त उपाय सगळ्यात आधी करून पाहावा, असं माझं मत.

तो उपाय म्हणजे चष्म्याच्या एका काचेवर आतून लावलेली धूसर चिकटपट्टी. स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती, काचेसारखी पारदर्शक नव्हे, दुधाळ. पट्टी लावली की त्या डोळ्याची प्रतिमा पुसट होते आणि मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करतो. काळ्या पट्टीपेक्षा हे बरं, कारण उजेड आत जातो, आणि समोरच्यालाही फारसं कळत नाही. चष्मा नसेल तर बिननंबरी फ्रेम करून घ्या. दोन-दोन फक्त एका बाजूला बघताना दिसत असेल तर काचेचा तेवढाच भाग झाकूनही काम होतं.

‘झाकलेला डोळा आळशी होईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. ती भीती लहान मुलांबाबत खरी आहे. मोठ्या माणसाच्या डोळ्याची नजर झाकल्याने कमी होत नाही. कुठला डोळा झाकायचा? सहसा कमी फिरणारा किंवा कमी दिसणारा. दोन्ही सारखे असतील तर आलटूनपालटून झाका.

एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून ओता. जिना उतरताना कठड्यावर हात ठेवा, पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर रंगीत पट्टी चिकटवा. रस्ता ओलांडताना झाकलेल्या बाजूकडे मान पूर्ण वळवा. दुचाकी आणि चारचाकी दोन-दोन दिसत असताना अजिबात चालवू नका. एक डोळा झाकून चालवणंही डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच, आणि सवय व्हायला वेळ देऊनच. घाटातल्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये, एवढं सांगायची गरज नसावी, पण सांगून ठेवलं.

पट्टीनंतरची पायरी प्रिझमची. फ्रेनेल प्रिझम म्हणजे बारीक खाचा असलेला पातळ प्लॅस्टिकचा पत्रा. तो काचेच्या आकारात कापून पाण्यात बुडवून आतल्या बाजूने चिकटवतात, गोंद लागत नाही. कोन बदलला की काढून दुसरा लावता येतो, म्हणून हलत्या काळात तोच योग्य. काचेत घासून बसवलेले कायमचे प्रिझम या काळात करून घेऊ नका, पैसे जातात. फ्रेनेलने थोडं धूसर दिसतं, आकडा मोठा असेल तितकं जास्त, म्हणून बहुधा एकाच काचेला लावतात. खाचांत धूळ बसली की कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा. आणि अपेक्षा आधीच ठरवून ठेवा: प्रिझम समोर बघताना एक दाखवेल, बाजूला किंवा वर बघितल्यावर पुन्हा दोन होतील, कारण कोन दिशेनुसार बदलतो पण प्रिझम एकच आहे. खूप मोठ्या किंवा तासागणिक बदलणाऱ्या कोनाला प्रिझम झेपत नाही. तिथे पट्टीवर परत या, त्यात कमीपणा नाही.

खालचा स्नायू धरलेली माणसं नकळत हनुवटी वर करून बघू लागतात, कारण त्या स्थितीत दोन प्रतिमा एक होतात. ही सवय मोडू नका, ती उपयोगाची आहे. फक्त मानेला त्रास होतो, म्हणून टीव्ही नजरेच्या खाली ठेवा, रोजचे डबे वरच्या फळीवरून खाली आणा, बसमध्ये मागच्या बाजूला बसा म्हणजे पाटी बघायला मान वर करावी लागणार नाही. हनुवटी वर असेल तर प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा भलताच गोंधळ घालतो, दूरचं बघायला जाल तर नजर वाचायच्या भागात जाते. दूरचा वेगळा आणि वाचायचा वेगळा असे दोन साधे चष्मे बरे.

रात्री पलंगाचं डोक्याकडचं टोक उंच करा किंवा डोक्याखाली दोन उशा घ्या. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, झोपताना मलम. पापण्या पूर्ण मिटत नसतील तर कागदी सर्जिकल टेपने मिटवून झोपायचं, पण ते डॉक्टरांकडून शिकून घ्या, कारण टेपखाली डोळा उघडला तर टेप बुबुळावर घासते.

७. पेटत्या काळातली औषधं

सगळ्यांना लागत नाहीत. मध्यम ते तीव्र सक्रिय आजारात शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. रूढ पद्धत आठवड्यातून एकदा: पहिले ६ आठवडे ०.५ ग्रॅम, पुढचे ६ आठवडे ०.२५ ग्रॅम, एकूण ४.५ ग्रॅम. त्याआधी साखर, रक्तदाब, यकृत, कावीळ ब आणि क, आणि आपल्याकडे क्षयरोगाचीही तपासणी होते. मधुमेह लपवू नका. सोबत मायकोफेनोलेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषधही कधी जोडतात. डोळे फिरण्यात अडचण असेल तेव्हा खोबणीला कमी मात्रेचं रेडिएशन हाही पर्याय आहे. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांना ते चालत नाही आणि तरुण वयात टाळतात.

अमेरिकेतल्या मुलाकडून किंवा पुतण्याकडून टेप्रोटुमुमॅबचं नाव कानावर आलं असेल. तिथे या औषधाला जानेवारी २०२० मध्ये मंजुरी मिळाली. दर ३ आठवड्यांनी अशा ८ सलाइन असतात. डोळे मागे जाणं आणि दोन-दोन दिसणं कमी होणं, दोन्ही अभ्यासांत दिसलं. रक्तातली साखर वाढणं, स्नायूंत गोळे येणं आणि ऐकू कमी येणं हे त्याचे त्रास आहेत, आणि किंमत प्रचंड आहे.

औषधांनी सूज उतरते. जिथे स्नायू आधीच ताठ झालाय तिथे ती पूर्ववत करत नाहीत. ‘१२ सलाइन घेतल्या तरी दोन-दोन दिसतंय’ ही तक्रार म्हणून खोटी नसते, पण उपचार फसले असाही तिचा अर्थ होत नाही. पुढची पायरी उरलेली असते.

८. ऑपरेशन: कधी, कुठल्या क्रमाने

आजार विझल्यावर, थायरॉइड स्थिर असताना, आणि तिरळेपणाचा कोन किमान ६ महिने न बदलल्यावर. यासाठीच ते हेस चार्ट जपायला सांगितले. लग्नकार्य जवळ आलंय म्हणून घाई करणारे सर्जन भेटले तर दुसरं मत घ्या.

खोबणीचं ऑपरेशन (डोळ्यामागची जागा मोकळी करण्याचं) लागणार असेल तर ते आधी, कारण त्यानंतर कोन बदलतो. कधी दोन-दोन दिसणं त्यानंतरच सुरू होतं. मग तिरळेपणाचं. शेवटी पापण्यांचं, कारण खालचा स्नायू मागे सरकवला की खालची पापणीही खाली ओढली जाते. हा क्रम उलटा केला तर एकच काम दोनदा करावं लागतं.

तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये ताठर स्नायू डोळ्याच्या गोळ्यावरून सोडवून थोडा मागे शिवतात. डोळा बाहेर काढतात ही ऐकीव भीती सोडून द्या. इतर तिरळेपणात दुसऱ्या बाजूचा स्नायू कापून आखूडही करतात. इथे ते शक्यतो टाळतात, ताठरपणा आणखी वाढतो म्हणून. मोठ्या माणसांत ॲडजस्टेबल टाके घालता येतात: गाठ पक्की न करता ठेवतात, शुद्धीवर आल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भुलीचे थेंब टाकून, तुम्ही काय दिसतं ते सांगत असताना टाका घट्ट-सैल करतात. ही सोय आहे का, हे सर्जनला विचारा.

आणखी विचारण्यासारखं: मला कुठल्या दिशेला एकच दिसेल? प्रामाणिक उत्तर असं असतं की समोर आणि खाली, म्हणजे चालताना, जेवताना, वाचताना. वर आणि टोकाच्या बाजूंना दोन-दोन राहू शकतं. खालचा स्नायू जास्त मागे नेला तर वर बघणं सुधारतं पण खाली बघताना दोन दिसू लागतात, आणि जिना व पुस्तक दोन्ही जातात. शिवाय हा स्नायू पहिल्या काही आठवड्यांत आणखी मागे सरकू शकतो. म्हणून अनुभवी सर्जन बहुधा मुद्दाम किंचित कमी दुरुस्ती ठेवतात. पहिल्या आठवड्यात जरासं वर-खाली दिसलं तर घाबरू नका, पण न सांगता बसूही नका. काहींना दुसरं ऑपरेशन लागतं, किंवा उरलेल्या थोड्या कोनासाठी आता काचेत पक्का प्रिझम.

विम्याच्या कागदांकडे आधीच लक्ष द्या. ‘तिरळेपणा’ एवढंच लिहिलं तर दाव्याकडे सौंदर्यासाठीचं ऑपरेशन म्हणून बघितलं जाऊ शकतं. डॉक्टरांच्या पत्रात थायरॉइडचा नेत्रविकार, दोन-दोन दिसणं, प्रिझम डायॉप्टरचे आकडे आणि रोजच्या कामांवर झालेला परिणाम स्पष्ट लिहून घ्या, आणि पूर्वमंजुरी लेखी घ्या.

ऑपरेशननंतर डोळा काही आठवडे लाल राहतो. डोक्यावरून आंघोळ आणि पोहणं कधी सुरू करायचं ते घरी जाण्याआधी विचारून घ्या, आणि डोळा चोळू नका. दुखणं वाढत गेलं, चिकट पू आला किंवा नजर कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता परत जा. नवा चष्मा कोन स्थिरावल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी करा. तोपर्यंत जुन्या चष्म्यावरचा फ्रेनेलचा पत्रा काढून टाका, तो आता जुन्या कोनाचा आहे.